बळकटी कणांची की विखुरण्याची?

मॅग्नेशियम ॲल्युमिनियमहून सुमारे एक-तृतीयांशाने हलके, पण तितके बळकट नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी जस्त मिसळलेल्या मॅग्नेशियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे नॅनोकण आकारमानाने १४ टक्के बसवले. 'नेचर'मधील त्यांचा निबंध (२०१५) गाजला तो बळकटीमुळे. आमच्या मते खरे यश कण विखुरण्यात आहे. एरवी हे कण चिकटून गुठळ्या होतात. गुठळीपाशी धातू तडकू शकतो. ते सुटे राहिले, तरच स्फटिकातील थरांचे घसरणे जागोजागी अडते. मात्र बळकटी मोजली ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणाऱ्या खांबांवर दाब देऊन. मोठ्या भागात ती टिकेल का, तो गंजेल का, हे त्यातून ठरत नाही. म्हणून वर्गात 'उद्याचे विमान' सांगण्याआधी शिक्षकांनी नमुन्याचा आकार सांगावा, असे आम्हांस वाटते.