‘तदर्थ जाळे’ : एका संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय संज्ञेची परीक्षा दोन अंगांनी करावी लागते. ती व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि ती ज्या वस्तूचा निर्देश करते त्या वस्तूचा व्यापार तिच्यातून उकलतो काय, हा दुसरा. पहिल्या परीक्षेस उतरलेली संज्ञा दुसरीत टिकतेच असे नाही. ‘मोबाइल ॲड हॉक नेटवर्क’, म्हणजेच ‘मॅनेट’, यासाठी ‘तदर्थ जाळे’ हा जो प्रतिशब्द सहज सुचतो, तो याचे बोलके उदाहरण होय. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण देण्यास अनुमती दिली. तेव्हापासून असे प्रश्न केवळ कोशकारांचे राहिलेले नाहीत. मराठीतून विषय प्रथमच शिकणाऱ्या विद्यार्थ्याची समजूतच संज्ञेवर अवलंबून राहू लागली आहे.

लॅटिन ‘ॲड हॉक’ म्हणजे ‘यासाठी’. संस्कृत ‘तदर्थ’ म्हणजे ‘त्यासाठी’. दर्शक सर्वनामातील अंतर सोडल्यास शब्दास शब्द चोख बसतो. परंतु मराठीत ‘तदर्थ’ रुळला तो कचेरीत. तदर्थ समिती, तदर्थ नियुक्ती, तदर्थ पदोन्नती या प्रयोगांतून त्यास दोन छटा चिकटल्या आहेत. एक तात्पुरतेपणाची, आणि दुसरी, जी सहसा ध्यानात येत नाही ती, वरिष्ठाच्या आज्ञेची. तदर्थ नियुक्ती झाली म्हणजे ती करणारा कोणी अधिकारी असलाच पाहिजे. प्रस्तुत जाळ्याचे व्यवच्छेदक लक्षण मात्र नेमके हे की, त्यात असा अधिकारी नसतो.

मानोरा तालुक्यातील एखाद्या गावात दोन माणसे समोरासमोरच्या घरांतून भ्रमणध्वनीवर बोलत असली, तरी त्यांचा शब्द मनोऱ्यामार्गे जाऊन परत येतो. मनोरा मुका झाला की दोघेही मुके होतात. मॅनेटमध्ये मनोरा नाही. प्रत्येक उपकरण स्वतःचा निरोप पाठवते आणि दुसऱ्याचा पुढेही नेते. ‘जाळे’ हा शब्दही येथे जपूनच घ्यावा लागतो. वाशिमवरून जाणारा पूर्णा-अकोला लोहमार्ग हा रेल्वेच्या जाळ्याचा धागा आहे; तो एकदा घातला आणि त्याची स्थानके जागच्या जागी राहिली. या जाळ्याच्या गाठी मात्र चालत्या असतात आणि धागे क्षणोक्षणी तुटून नव्याने जुळतात.

हे कसे घडते? २००३ च्या जुलैमध्ये पर्किन्स, बेल्डिंग-रॉयर व दास यांनी प्रसिद्ध केलेली ‘एओडीव्ही’ ही पद्धती पाहावी. निरोप पाठवावयाचा असून वाट ठाऊक नसेल, तर उपकरण शेजाऱ्यांना हाक देते. शेजारी ती आपापल्या शेजाऱ्यांकडे पोचवितात. प्रत्येक हाकेस क्रमांक असल्यामुळे एकदा पुढे दिलेली हाक कोणी पुन्हा देत नाही. हाक कोणाकडून आली, एवढे प्रत्येकाने लक्षात ठेवावयाचे. इष्ट ठिकाण सापडले की उत्तर त्याच खुणांवरून मागे येते. वाट मोडल्यास तशी सूचना मागे जाते. वापरात नसलेली वाट कालांतराने विसरली जाते. संपूर्ण वाट कोणासही ठाऊक नसते. प्रत्येकास पुढची पायरी तेवढी ठाऊक असते. या ज्ञानविभागणीचा मागमूसही ‘तदर्थ’ शब्दात नाही.

याउलट, ‘स्वयंरचित’ म्हणताच सारे विनासायास घडते असा भ्रम होण्याचा संभव आहे, तोही टाळला पाहिजे. रामनवमीस पोहरादेवी येथे बंजारा समाजाचे भाविक मोठ्या संख्येने जमतात. तेथे जितकी उपकरणे अधिक तितके जाळे समर्थ, असा तर्क कोणी केल्यास तो फसेल. गुप्ता व कुमार यांनी २००० साली सिद्ध केले की, स्थिर उपकरणांच्या अशा जाळ्यात प्रत्येकाच्या वाट्याची वहनक्षमता संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणाहूनही किंचित अधिक वेगाने घटते. उपकरणे शंभरपट झाली, तर प्रत्येकाचा वाटा दशांशाहूनही खाली येतो. कारण प्रत्येकाचा बराचसा वेळ दुसऱ्यांचे निरोप वाहण्यात जातो.

तथापि ग्रोसग्लाउझर व त्से यांनी २००१ मध्ये दाखविले की, उपकरणे हिंडती असतील आणि विलंब सोसण्याची तयारी असेल, तर हा वाटा घटतोच असे नाही. निरोप जवळून जाणाऱ्याच्या हाती द्यावा. तो इष्ट व्यक्तीजवळ पोचेल तेव्हा देईल. वऱ्हाडातील मनुष्यास हा सिद्धांत नवा वाटू नये. बाजारास निघालेल्याबरोबर धाडलेला ‘सांगावा’ तो हाच. अर्थात चलत्व हा या जाळ्याचा दोष नसून प्रसंगी त्याचे सामर्थ्य होय. म्हणून ‘चल’ हे विशेषण संज्ञेत असणे अगत्याचे आहे.

तेव्हा जाळ्यास ‘स्वयंरचित चल जाळे’ म्हणावे, आणि त्याचे व्यापार सांगताना ‘हाक’, ‘परतनिरोप’, ‘सांगावा’ हे शब्द निःसंकोच योजावेत. असे शब्द शास्त्रास शोभत नाहीत, हा आक्षेप अपेक्षित आहे. त्यास उत्तर वाशिमच्याच भूमीत सापडले आहे. १९३९ मध्ये तेथे मिळालेल्या वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे. दानाचा व्यवहार सांगणारा भाग मात्र प्राकृतात आहे. वत्सगुल्माच्या राजसभेस संस्कृत अवगत नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. गौरव एका भाषेत केला. ज्याची अंमलबजावणी व्हावयाची ते लोकांच्या भाषेत लिहिले. जाळ्याचे नाव संस्कृतोद्भव असावयास हरकत नाही. ते चालते कसे, हे मात्र ज्या भाषेत विद्यार्थी विचार करतो त्याच भाषेत सांगितले पाहिजे. एरवी तो संज्ञा पाठ करील आणि जाळे त्यास अपरिचितच राहील.