कलशाचें पाणी

प्रतीक हा शब्द अलीकडे आमच्या धर्मविषयक लेखनांत इतका स्वस्त झाला आहे कीं, वस्तूला वस्तु म्हणून पाहण्याची संवयच वाचकाच्या अंगीं उरते कीं नाहीं अशी शंका येऊं लागते. पूजेंतील कलशाचीच गोष्ट घ्या. व्रतवैकल्यांच्या पुस्तिकांत त्याचा उलगडा ठरलेल्या क्रमानें मिळतो: भांडें म्हणजे देह, आंतील पाणी म्हणजे जीवन, पांच पानें म्हणजे पंचप्राण, वरील नारळ म्हणजे मस्तक. वाचणाऱ्याचें समाधान होतें आणि नेमक्या त्याच क्षणीं त्याचें कलशाकडे पाहणें थांबतें. हा उलगडा खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तो फार लवकर मिळतो, हा त्याचा दोष.

प्रथम नारळाचें पाहूं. नारळ हें किनाऱ्याचें फळ. वऱ्हाडांत तें बाजारांतून येतें. शिवाय अनेक पूजांत कलशावर पूर्णपात्र, म्हणजे तांदळांनीं भरलेलें ताम्हन, ठेवावयाचें असतें व त्यांत देवतेची मूर्ति बसवावयाची असते. सत्यनारायणाच्या पूजेंत हें कोणालाही दिसेल. मस्तकाच्या जागीं ताम्हन आलें म्हणजे देहाच्या रूपकाचें काय होतें? भाष्यकार तेथें मौन पाळतो.

कलशपूजनाचे जे श्लोक घरोघर म्हटले जातात ते तरी काय सांगतात? भांड्याच्या तोंडाशीं विष्णु, गळ्याशीं रुद्र, बुडाशीं ब्रह्मदेव, मध्यें मातृगण. पोटांत सर्व समुद्र आणि सप्तद्वीपा पृथ्वी. मग सात नद्यांना नांवानें बोलावणें. तोंड, गळा, पोट हे शब्द आहेत खरे, पण ते भांड्याचे अवयव. माणसाच्या देहाची गोष्ट तेथें नाहीं. जी आहे ती भूगोलाची.

या भूगोलाची गंमत वाशीमकडे चांगली कळते. १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत जऊळका हें गांव आहे. अकोल्याहून पूर्णा जंक्शनकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचें स्टेशन लागतें. हा सारा मुलूख पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला. उत्तरेकडे वाहणारी काटेपूर्णा पूर्णा नदीला व तिच्या वाटेनें तापीला मिळून पश्चिमसमुद्राला जाते. दक्षिणेकडील पाणी पैनगंगेंत, तेथून वर्धा-प्राणहितेच्या वाटेनें गोदावरींत आणि शेवटीं पूर्वसमुद्रांत. श्लोकांतील सात नद्यांत गोदावरी आहे, तापी नाहीं. म्हणजे येथल्या पावसाच्या कांहीं भागाला मंत्रांत नांव आहे, कांहीं भागाला नाहीं! परंतु कलशांत ओतलें जातें तें विहिरीचें अथवा नळाचें पाणी. यजमान त्याला गंगा म्हणतो तेव्हां हाताशीं असलेल्या पाण्याला तो थोर नद्यांच्या कुळांत दत्तक देत असतो. ही क्रिया प्रतीक मांडण्याहून निराळी आहे.

मग देहाचें रूपक आलें कोठून? आमच्या मतें तें वेदान्ताच्या पाठशाळेंतून देवघरांत शिरलें आहे. तेथें घट हें लाडकें उदाहरण: घटांतील आकाश आणि बाहेरचें आकाश एकच, घट फुटला कीं भेद मावळला. (नैयायिकांच्या घटपटाची खटपट ती वेगळीच.) या दृष्टान्तांत घट रिकामा असावा लागतो व त्याच्या भिंती मिथ्या ठराव्या लागतात. पूजेंतील घट भरलेला असतो, आणि देवांना जागा दिलेली असते ती त्या भिंतींच्याच आश्रयानें. एकाला फुटण्यांत मुक्ति. दुसऱ्याला तडा गेला तर घरांत अशुभाची धास्ती. या दोन घटांना एक समजून केलेलें भाष्य कितीही गोड असलें तरी तें भाष्य नव्हे.

आतां नवरात्राकडे वळूं. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात. शेतांतील माती आणून ती पत्रावळीवर अथवा टोपलींत पसरतात, तींत गहूं किंवा अनेक धान्यें पेरतात, आणि मधोमध कुंभाराकडील मातीचा घट पाण्यानें भरून ठेवतात. रोज एक माळ चढते, दिवा अखंड तेवतो. भाष्यकार येथें सृजनशक्तीचें प्रतीक एवढें म्हणून पुढें जातो. त्यानें घटाला एकदां हात लावून पाहावा. तो बाहेरून ओला लागतो. आव्यांत भाजलेल्या, झिलई न दिलेल्या मातीला सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून पाणी पाझरतें. कांहीं हवेंत उडून जातें व त्यामुळें आंतलें पाणी गार राहतें, कांहीं खालच्या मातीला मिळतें. तीन-चार दिवसांत अंकुर दिसूं लागतात, आणि दसऱ्याला तेच पिवळट कोंब देवाला वाहून मग टोपींत खोवतात. यांत कोणती गोष्ट कशाचें प्रतीक? पाणी पाण्याचें काम करतें, माती मातीचें. देवी आल्याची खूण गृहिणीला कोंबांत दिसते, पण कोंब खराच असतो. साहित्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर येथें उपमेय व उपमान यांत अंतरच उरलेलें नाहीं. जें दाखवावयाचें तेंच डोळ्यांदेखत घडतें.

याच्या उलट टोकाला दुसरा एक पंथ आहे. त्याच्या मतें ही सारी पूर्वजांची बीजपरीक्षा, रब्बीचें बियाणें उगवतें कीं नाहीं हें पाहण्याची युक्ति. ही उपपत्ति ऐकून सुशिक्षितांना बरें वाटतें. परंतु नुसतें बियाणें पारखावयाचें तर ओल्या फडक्यांत मूठभर दाणे बांधून ठेवणें पुरे. त्यासाठीं नऊ रात्री दिवा जागवावा लागत नाहीं. प्रतीकवाद्याला माती दिसत नाहीं, उपयुक्ततावाद्याला दिवा दिसत नाहीं.

अलीकडे बाजारांत बाहेरून तैलरंग दिलेले, टिकल्या-आरसे लावलेले घट मिळतात. दिसतात सुरेख. पण रंगानें छिद्रें बुजलीं कीं घट पाझरेनासा होतो आणि गृहिणीला सकाळीं पळीनें मातीवर पाणी घालावें लागतें. तांब्याचा कलश मांडणाऱ्या घरांत हें होतच आलें आहे; त्यांत पाप नाहीं. परंतु ज्या मातीच्या घटाला भाष्यकार इतके दिवस प्रतीक म्हणत होता, तो या रंगामुळें प्रथमच खरोखर प्रतीक झाला आहे. तो आतां सृजनाची केवळ खूण आहे, कारण सृजनांत त्याचा हात राहिलेला नाहीं.

जऊळक्याच्याच तालुक्यांत शिरपूर हें अंतरिक्ष पार्श्वनाथाचें प्रसिद्ध क्षेत्र आहे. जैनांच्या अष्टमंगलांत कलश आहे, तीर्थंकरमातेच्या स्वप्नांतही भरलेला कुंभ आहे. भारहूत-सांचीच्या बौद्ध शिल्पांत पूर्णघटांतून कमळें वर येतात. कलशाचा अर्थ एकाच दर्शनांतून काढूं पाहणाऱ्यांना ही साक्ष अडचणीची वाटेल.

कलशांतील पाण्याचें पुढें काय होतें, याकडेही भाष्यकाराचें लक्ष नाहीं. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नांवें उदककुंभ देतात. त्यांतलें पाणी वैशाखाच्या उन्हांत कोणाची तरी तहान खरोखरच भागवतें. स्मशानांत चितेभोंवतीं फिरतांना खांद्यावरील मडक्याला भोंक पाडतात, धार जमिनीवर सांडत राहते, आणि शेवटीं मडकें मागें टाकून फोडतात. देहाचें रूपक शोभतें तें येथें. वेदान्त्यांचा घट आणि विधींतला घट येथें मात्र एक होतात. पूजेंतला कलश कोणी फोडीत नाहीं. पूजा उतरली कीं त्यांतलें पाणी आंब्याच्या डहाळीनें माणसांच्या अंगावर, घराच्या कोपऱ्यांत, गोठ्यांत शिंपडतात. उरलेलें तुळशीला घालतात, आणि भांडें चिंचेनें घासून फळीवर उपडें ठेवतात.