तक्रारी शून्य, म्हणजे त्रास शून्य?

पेट सुटली, सिनॉप्सिस लिहायला बसलात, की पहिला मोह होतो तो सहज मोजता येणाऱ्या गोष्टीचा. समजा विषय घेतलात 'कारखान्यातलं तक्रार निवारण'. चार कंपन्यांतल्या नोंदी मोजल्या. जिथे तक्रारी कमी, तिथे कामगार सुखी. झाला निष्कर्ष! हा निष्कर्ष का चुकतो हे दाखवणारं एक पुस्तक आहे. ते वाचाच. पण ते आपल्याकडे कुठे तोकडं पडतं, तेही बघा.

रिचर्ड फ्रीमन आणि जेम्स मेडॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञांचं 'व्हॉट डू युनियन्स डू?' १९८४ साली आलं. त्याचा पाया अल्बर्ट हर्शमन यांच्या १९७० च्या मांडणीत आहे: एखादी गोष्ट बिघडली की माणूस एकतर निघून जातो, नाहीतर बोलतो. फ्रीमन-मेडॉफ म्हणतात, युनियन फक्त पगार वाढवून घेत नाही. ती बोलण्याची सामूहिक वाट असते. शेडमधली हवा खराब असेल तर त्रास सगळ्यांना, सुधारली तर फायदाही सगळ्यांना. पण एकट्याने तोंड उघडलं तर धोका त्याच एकट्याला. म्हणून युनियन लागते.

आता गंमत बघा. त्यांच्या आकडेवारीत युनियनचे सभासद नोकरी कमी सोडतात, पण 'समाधानी आहात का?' विचारलं तर नाराजीही तेच जास्त सांगतात. म्हणजे जिथे वाट आहे तिथे नाराजी ऐकू येते. मी रसायनशास्त्राची, म्हणून माझ्या भाषेत सांगते: उपकरणाने शून्य दाखवलं म्हणजे नमुन्यात काही नाही असं नसतं, ते उपकरणाच्या शोधमर्यादेखाली असू शकतं. तक्रारींची नोंद हेही असंच एक उपकरण आहे.

इथपर्यंत पुस्तक पक्कं आहे. अडचण पुढे येते. त्यांच्यासमोर अमेरिकेतले कारखाने होते. तिथे युनियनच्या करारातच तक्रारीच्या पायऱ्या लिहिलेल्या असतात आणि शेवटी बहुधा लवाद असतो. त्यामुळे तुलना सरळ: युनियनवाले आणि बिगर-युनियनवाले. तारापूर एमआयडीसीत एकाच मशीनवर दोन्ही उभे असतात, एक पर्मनंट आणि एक ठेकेदाराचा.

आमच्या मुरब्याहून बोईसरला पहिल्या पाळीला जाणाऱ्या दोघांचंच घ्या. कंपनीचं नाव नको. दोघांचेही ओव्हरटाइमचे तास कमी धरले गेले. पर्मनंट काकांनी हजेरी आणि पगाराची स्लिप युनियनच्या प्रतिनिधीकडे दिली. पुढच्या पगारात फरक मिळाला. दुसरा गप्प राहिला. 'बोललो तर उद्यापासून येऊ नको म्हणतील,' एवढंच म्हणाला. काही महिन्यांनी ठेकेदार बदलला आणि त्याचं काम गेलं. आकडेवारीत तो 'सोडून गेलेला' दिसेल. पण तो बोललाही नाही आणि स्वतःहून गेलाही नाही. भीतीचा मुद्दा पुस्तकात आहे, नाही असं नाही. पण ज्याचं जाणंसुद्धा त्याच्या हातात नाही, त्याच्यासाठी त्या मांडणीत कप्पा नाही.

आता आपल्या कायद्याच्या पायऱ्या बघा. औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये आली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. २० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी: जास्तीत जास्त १० सदस्य, मालक आणि कामगार समसमान. तक्रारीचं कारण घडल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा. समितीने ३० दिवसांत काम संपवायचं. नुसतं बहुमत पुरत नाही, कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून जास्त राजी हवेत. निर्णय पटला नाही किंवा मुदतीत झालाच नाही, तर ६० दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. पण कसं? कामगार ज्या युनियनचा सभासद आहे, तिच्यामार्फत.

हे शेवटचे शब्द दोनदा वाचा. सभासदाला इथे पुढची पायरी आहे. जो सभासदच नाही, त्याची तक्रार समितीच्या दारातच अडकते. आणि तरीही आपण दोघांच्या तक्रारी एकाच रकान्यात मोजणार?

म्हणून 'किती तक्रारी आल्या?' हा प्रश्न सिनॉप्सिसमधून काढू नका, पण त्याच्याआधी तीन प्रश्न घाला. हा माणूस कोणाच्या हजेरीपटावर आहे? तो कोणत्या युनियनचा सभासद आहे का? आणि तक्रार कोणत्या पायरीवर थांबली? तिसऱ्याचं उत्तर 'पहिल्या पायरीच्याही आधी' असं मिळालं, तर नोंदवही बंद करा आणि पाळी सुटायच्या वेळी गेटबाहेर जाऊन उभे राहा. नोंदीत न आलेली माणसं तिथे भेटतील. फक्त त्यांची नावं वहीत लिहू नका. त्यांची नोकरी आपल्या प्रबंधापेक्षा मोठी आहे.