सन अर्बैन मया व अलफ : वसईच्या इतिहासांतील वगळलेलें वर्ष

वसईच्या मोहिमेवर मराठींत व इंग्रजींत जें लिखाण झालें आहे, त्याचा शेवट बहुधा एकाच देखाव्यानें होतो. फिरंगी शिबंदी हत्यारांनिशीं किल्ल्याबाहेर पडते, मराठ्यांचें निशाण चढतें, आणि लेखक लेखणी खालीं ठेवतो. मोहिमेच्या इतिहासानें मोहिमेपुरतें बोलावें हें रास्तच आहे, व त्याबद्दल श्री. य. न. केळकर यांच्या 'वसईची मोहीम' या १९३७ च्या ग्रंथास बोल लावण्याचें कारण नाहीं. परंतु चिमाजीअप्पांच्या हातीं किल्ल्याबरोबर दोन शतकें पोर्तुगीज अमलांत राहिलेला एक लहानसा देशही आला. मराठी कागद त्याला फिरंगाण म्हणतात. त्या देशानें तहानंतरचें पहिलें वर्ष कसें काढलें, हें विचारण्यास आमचे ग्रंथकार क्वचितच थांबले आहेत.

प्रथम तारखांचा घोळ निस्तरला पाहिजे. तहाची तारीख कोणी १६ मे १७३९ देतो, कोणी ५ मे. दोहोंत विरोध नाहीं. पोर्तुगीज नव्या पद्धतीनें तारीख लिहीत. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी पद्धत चालवीत होते, व आमच्या इतिहासकारांनींही त्या काळापुरती तीच स्वीकारली. अंतर अकरा दिवसांचें. बाजीरावांच्या मृत्यूची २८ एप्रिल १७४० ही रूढ तारीख वैशाख शुद्ध त्रयोदशीशीं जुळते ती जुन्या पद्धतीनेंच. दोन्ही प्रकारचे ग्रंथ समोर ठेवून टिपणें काढणाऱ्याच्या वहींत एकच घटना दोनदां घडते, हें प्रस्तुत लेखकानें एकाहून अधिक ठिकाणीं पाहिलें आहे.

किल्ला रिकामा झाला तो जुन्या पद्धतीनें १२ मे रोजीं. त्यानंतर पंधरवडा उलटण्यापूर्वींच मृग लागला व सुहूर सन ११४०, अर्थात् अर्बैन मया व अलफ, सुरू झाला. निशाण चढलें तें सरत्या सनाच्या अखेरीस. नव्या सनाचा वसूल पहिल्या दिवसापासून पेशव्यांच्या नांवें पडावयाचा होता. इतिहासांत असा योग विरळा येतो. याच सनांत, जुलै १७३९ मध्यें, कप्तान इंचबर्ड यानें वसईस येऊन मुंबईकरांतर्फे करार केला. माघ-फाल्गुनाच्या सुमारास मुंगीपैठणास नासिरजंगाशीं तह झाला. आणि सन संपण्यास महिना उरला नसतां बाजीराव रावेरखेडीस वारले. चौल व कोरलई सोडून देण्याचा पोर्तुगीजांशीं झालेला तह आणि चिमाजीअप्पांचें निधन या गोष्टी पुढल्या सनांतल्या. इतकें सर्व ज्या वर्षांत मावलें, तें आमच्या ग्रंथांत दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या पानासारखें राहिलें आहे.

हा प्रश्न किल्ल्यावरून न पाहतां कळंबहून पाहावा. निर्मळच्या पश्चिमेस समुद्रकांठीं वसलेलें हें गांव सध्यां पालघर जिल्ह्यांत मोडतें. उत्तरेस अर्नाळा, तो १७३७ सालींच मराठ्यांनीं घेतला, आणि तेथील दरवाजावरचा शिलालेख बाजीराव व शंकर यांचीं नांवें आजही सांगतो. हा शंकर म्हणजे शंकराजी केशव फडके, पुढें वसईचे सरसुभेदार. त्याच सालापासून मराठी फौज वसईच्या बेटांत तळ देऊन होती. तेव्हां कळंबकरांचें युद्ध वसईच्या तटाआंतील लोकांच्या युद्धाहून निराळें होतें. दोन वर्षें त्यांच्या उत्तरेस मराठी जंजिरा उभा होता व दक्षिणेस फिरंगी तोफा धडधडत होत्या. एकच तारीख सबंध प्रांतावर लादणारा इतिहास येथें तोकडा पडतो.

तहाच्या कलमांकडेही याच दृष्टीनें पाहावें. डॉ. गर्सन द कुन्हा यांनीं १८७६ सालीं चौल व वसई यांवरील ग्रंथांत तीं दिलीं आहेत. जे ख्रिस्ती राहूं इच्छितील त्यांस धर्माचरणाची मोकळीक, आणि तीन देवळें राखावीं : एक किल्ल्यांत, एक कसब्यांत, एक साष्टींत. या तिहींत आगाशी, निर्मळ, कळंब या पट्टीच्या वांट्यास एकही येत नाहीं. असें असतां या पट्टींतील ख्रिस्ती समाज टिकला, आजही आहे. आणि निर्मळच्या टेकडीवरील शंकराचार्यांच्या स्थानाचा जीर्णोद्धारही पुढें मराठी अमलांतच झाला. कलमांत जें नव्हतें तें व्यवहारांत कोणाच्या हुकमानें, कोणत्या समजुतीनें घडलें? द कुन्हांचें मन पडक्या वास्तूंत व शिलालेखांत अधिक रमतें. त्यांच्या ग्रंथाचें मोल त्यामुळें कमी होत नाहीं, पण हा प्रश्न त्यांच्याकडून सुटत नाहीं.

राजवाड्यांनीं १९२४ सालीं 'महिकावतीची बखर' छापली, तेव्हां प्रस्तावनेंत उत्तर कोंकणच्या रयतेला राज्यकर्ता कोण याचें सोयरसुतक नसे असा सिद्धांत जोरानें मांडला. तो मुख्यतः जुन्या काळाविषयीं असला तरी वसईच्या प्रकरणासही सर्रास लावला जातो. तो येथें बसत नाहीं, असें आमचें मत आहे. अंजूरच्या नाईकांनीं पुण्यास जाऊन या मोहिमेसाठीं खटपट केली ती उदासीन लोकांची कृति खास नव्हे. आणि देवळांचीं कलमें मागून घेणारेही उदासीन नव्हते. तथापि नाईक झाले तरी वजनदार माणसें. पानमळेवाला, मिठागरवाला, कोळी यांना नवा अंमल कसा लागला, हें ढेप, हुंडा, मुडा या शब्दांनीं भरलेल्या रुक्ष जमाबंदीवरूनच ठरेल.

आणि तेच कागद नष्ट होत आहेत. याला सरदेसायांची निवड कारण नाहीं. १९३० ते १९३४ च्या पंचेचाळीस खंडांत सर्व दप्तर मावणें शक्यच नव्हतें. कारण आपण संग्राहक आहोंत. शिक्क्याचें पत्र, लढाईची बातमी, थोराचें हस्ताक्षर एवढें आपण उचलतों, आणि मोडींतील ताळेबंद व झडत्या, 'यांत कांहीं नाहीं' म्हणून, रद्दीवाल्यास ठेवतों. वसई, आगाशी, अर्नाळा यांकडील बाडांत ज्या पानाच्या माथ्यावर 'सन अर्बैन' असेल, तें शिक्का नसला, आद्यंत फाटलेला असला, तरी वेगळें काढावें व त्याची नक्कल करून घ्यावी. गांवाचें नांव कळंब असल्यास मूळ पान कोणत्या बाडांत, कोणत्या पानांमध्यें सांपडलें, हेंही नकलेवर लिहून ठेवावें.