दोन अहवाल आणि पंचवीस ठराव

पश्चिम घाटावरचे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचताना माझे लक्ष जंगलापेक्षा माणसांच्या जागेकडे जाते. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, के. कस्तुरीरंगन कार्यगटाचा २०१३ चा. आपल्याकडे चर्चा झाली ती मुख्यतः क्षेत्रफळाची. गाडगीळांनी सगळा घाट संवेदनशील धरला, कस्तुरीरंगन यांनी तो ३७ टक्क्यांवर आणला. म्हणून पहिला कडक, दुसरा व्यवहारी. हा हिशेब मला अपुरा वाटतो.

गाडगीळ समितीने नकाशावर साधारण ९ किलोमीटरचे चौकोन पाडले. रेघ जाडच होती. पण अहवालाला त्याची जाणीव आहे. सीमा आणि नियम ग्रामसभांशी बोलून पक्के करावेत, असे तो सांगतो. कस्तुरीरंगन कार्यगटाची उपग्रहचित्रे कितीतरी बारीक. त्यांवरून घाटाचे ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ असे दोन भाग झाले; वस्ती, शेती, बागा दुसऱ्यात. इथे मी अडतो. मग देवराई कुठे घालायची? झाडे रानाची, पण ती टिकली गावाच्या धाकाने आणि श्रद्धेने. चित्रात झाडोरा दिसतो, राखणारे दिसत नाहीत. गाडगीळांनी वा. द. वर्तकांबरोबर सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास केला होता. ग्रामसभेवरचा त्यांचा भरवसा हवेतून आलेला नव्हता.

त्याच अहवालात एक नोंद आहे, जिची दखल फारशी घेतली गेली नाही. सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून आपले क्षेत्र संवेदनशील जाहीर करावे, अशी मागणी केली होती. डोंगरांवर खाणींचे सावट होते. ‘पर्यावरण हवे की लोक’ हा आपला आवडता वाद या गावांपुढे तरी लंगडा पडतो.

गाडगीळ अहवालालाही मी मोकळे सोडत नाही. तो मुळात इंग्रजीत होता, आणि सरकारने तो मे २०१२ पर्यंत लोकांपुढे आणला नाही. गावकऱ्यांना ठरवायला सांगायचे आणि कागद त्यांच्या भाषेत द्यायचा नाही, ही फट लहान नव्हती. ‘घरसुद्धा बांधता येणार नाही’ ही अफवा तिथूनच शिरली. पुढच्या अधिसूचनेच्या मसुद्यात बंदी होती ती खाणी, वाळूउपसा, औष्णिक वीजकेंद्रे, अतिप्रदूषक उद्योग आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांवर. एवढे घर कोकणात कोण बांधतो?

मार्च २०१४ ते जुलै २०२४ या काळात केंद्राने असे सहा मसुदे काढले. प्रत्येकावर हरकतींसाठी ६० दिवस दिले. गावाच्या वाट्याला ठरवण्याऐवजी हरकत घेणेच आले.