‘अधांतर’मधील बेकारी : एक अर्थशास्त्रीय वाचन

प्रस्तावना

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक १९९७ साली रंगमंचावर आले. त्याला पार्श्वभूमी आहे ती मुंबईतील गिरणी संपाची. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही, तो विरत गेला. गिरणगावातील धुरी कुटुंबाची वाताहत नाटकात येत असल्यामुळे ‘संपाने उद्ध्वस्त केलेले घर’ असे त्याचे वाचन करणे सोपे जाते. हे वाचन अपुरे आहे आणि त्यामुळे बेकारीचा दोष नकळत कामगाराच्याच माथी येतो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

दुसऱ्या पिढीची बेकारी

धुरींच्या घरातील बाबा लेखक होऊ पाहतो, मोहन क्रिकेटमध्ये रमतो, तर नरू टोळीच्या जगात ओढला जातो. हे तिघेही संपकरी कामगार नव्हेत. गिरणीतील रोजगाराची एक परंपरागत वाट होती. बाप, काका किंवा गाववाला यांच्या ओळखीने तरुण बदली कामगार म्हणून खात्यात शिरे, काम पाहत पाहत शिके आणि कालांतराने कायम होई. गिरण्या बंद पडल्या तेव्हा वेतनाबरोबर ही वाटही बुजली. कौशल्य बापाकडून मुलाकडे जाण्याचे थांबले. अर्थशास्त्रात जिला संरचनात्मक बेकारी म्हणतात, ती हीच. नरूची टोळी म्हणजे या रिकाम्या हातांना काम देणारी दुसरी बाजारपेठ होय. केवळ वेतनवाढीचा करार होऊन अशी बेकारी मिटली नसती.

उत्पादकतेचा युक्तिवाद

‘मुंबईचा कामगार महाग आणि त्याची उत्पादकता कमी, म्हणून गिरण्या बुडाल्या’ असा युक्तिवाद वारंवार केला जातो. तो तपासून पाहिला पाहिजे. कामगारामागे किती उत्पादन निघते हे त्याच्या कष्टांइतकेच त्याच्या हातातील यंत्रावर अवलंबून असते, आणि यंत्रांत गुंतवणूक करणे हा मालकाचा निर्णय असतो. शिवाय गिरण्यांची मागमाग्यांची क्षमता १९५६ पासून शासकीय धोरणानेच गोठवली गेली होती. त्या काळात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग वाढले. तेथे साधे माग होते, बारा-बारा तासांच्या पाळ्या होत्या आणि संघटनेचे संरक्षण जवळजवळ नव्हते. म्हणजे स्पर्धेत जिंकले ते स्वस्त श्रम. अधिक उत्पादक श्रमांचा तो विजय नव्हता. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांना समान पातळीवर आणून या बदलावर शिक्कामोर्तब केले.

पुढे जमिनीचा भाव निर्णायक ठरला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचा विकास खुला केला आणि तिची महापालिका, म्हाडा व मालक अशी साधारण तीन भागांत विभागणी ठरवली. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. जेथे कापडाच्या नफ्यापेक्षा त्याखालच्या जमिनीची किंमत मोठी झाली, तेथे कामगाराने कितीही उत्पादकता वाढवली असती तरी त्याचा रोजगार टिकणे अवघड होते.

नाटकाचे बळ आणि मर्यादा

ही शक्तिकेंद्रे चाळीतल्या खोलीच्या बाहेर आहेत. नाटक मात्र घर सोडत नाही. हे त्याचे बळ आहे, कारण एका कामगाराचा रोजगार गेला की किती नाती एकाच वेळी ढिली होतात, हे आकडेवारीपेक्षा ते अधिक जाणवून देते. गिरणगावात तर ही साखळी घराबाहेरही पसरलेली होती. कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका, ज्यांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले, त्यांचीही चूल गिरणीच्या पगारावरच पेटत होती.

तथापि याच तंत्रामुळे एक धोका उद्भवतो. कारणे अदृश्य राहिली की परिणाम स्वभावासारखे दिसू लागतात. नरू बिघडला, मोहन आळशी, बाबा हवेत, असे निकाल प्रेक्षक सहज देऊन टाकतो. नाटककाराची सहानुभूती निःसंशय या मुलांकडे आहे. परंतु सहानुभूती म्हणजे कारणमीमांसा नव्हे.

निष्कर्ष

‘अधांतर’ हे संपाचे नाटक आहे त्याहून अधिक ते रोजगाराची वाट तुटल्याचे नाटक आहे. म्हणून मराठी आणि अर्थशास्त्र या दोन्ही विभागांनी ते एकत्र वाचणे इष्ट ठरेल. साहित्याच्या तासाला धोरणाची वर्षे आणि अर्थशास्त्राच्या तासाला धुरींचे घर आले नाही, तर आपल्या वर्गातील बेकारीच्या भीतीने ग्रासलेला विद्यार्थीही स्वतःकडे केवळ स्वभावदोषाच्या नजरेने पाहत राहील.