शब्द सापडला, माहिती सापडली का?

'पाणी' हा शब्द असलेली सर्व पुस्तके ग्रंथालयाने काढून दिली, तर दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचे काम झाले असे आपण म्हणू का? शब्द जुळणे वेगळे, गरज भागणे वेगळे. मॅनिंग, राघवन व शूत्से यांचे 'इंट्रोडक्शन टु इन्फर्मेशन रिट्रीव्हल' (केंब्रिज, २००८) हे पाठ्यपुस्तक हा भेद नजरेआड होऊ देत नाही, हा त्याचा मोठा गुण.

सुरुवात सोपी आहे. शेक्सपिअरच्या कोणत्या नाटकांत ब्रूटस व सीझर हे शब्द आहेत, पण कॅलपर्निया नाही? दर वेळी सगळी नाटके चाळण्याऐवजी आधीच सूची करायची : प्रत्येक शब्दापुढे नाटकांचे क्रमांक. पहिल्या दोन याद्यांतले समान क्रमांक घ्यायचे, तिसरीतले वगळायचे. हे फळ्यावर सहज करून दाखवता येते.

आम्हांला सर्वांत मोलाचे वाटले ते मूल्यमापनाचे प्रकरण. समजा, संग्रहात उपयोगाचे लेख २० आहेत. यंत्राने १० लेख दिले, त्यांतले ८ उपयोगाचे निघाले. नेमकेपणा ८० टक्के. पण २० पैकी ८ च हाती आले, म्हणून व्याप्ती ४० टक्के. ही रीत इंग्लंडमधील क्रॅनफील्डच्या प्रयोगांतून रुजली. तेथील एका संग्रहात १,३९८ सारांश व २२५ प्रश्न होते आणि कोणता सारांश कोणत्या प्रश्नाला उपयोगी, हे माणसांनी ठरवले होते. यंत्राची परीक्षा शेवटी माणसाच्या निवाड्यावर उभी असते.

उणीव आहे ती भाषेची. पुस्तकातली उदाहरणे बहुतेक इंग्रजी. शब्दाचे शेपूट छाटून मूळ रूप काढण्याने इंग्रजीत एकूण फारसा लाभ होत नाही, असे लेखक सांगतात. स्पॅनिश, जर्मन, फिनिशमध्ये तो अधिक होतो, हेही नोंदवतात. मराठीचे काय? 'पाण्याला'मधला प्रत्यय तोडला तरी 'पाण्या' उरते, 'पाणी' नव्हे. आपण व्याकरणात शिकवतो ते सामान्यरूप येथे यंत्राची वाट अडवते. या प्रश्नांना वाव देणारा 'फायर' हा भारतीय मूल्यमापन-उपक्रम २००८ मध्येच सुरू झाला; त्यात मराठीही होती.

अर्थसाम्यावर शोधणारी आजची न्यूरल जाळी या पुस्तकात नाहीत. तरी त्यांनाही नेमकेपणा व व्याप्ती यांचा हिशेब चुकत नाही. म्हणून शिक्षकांनी हे पुस्तक जरूर वाचावे. लेखकांनी ते इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहे. वर्गात शिकवताना मात्र ब्रूटसच्या जोडीला 'पाणी' घ्यावे.